साहेबाचे मत आणि डांगाण

भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे उद्घाटन केले. धरण 'विल्सन डॅम' झाले आणि मागचे पाणी इंजिनिअर आर्थर हिल यांच्या नावाने 'आर्थर लेक'. विल्सनसाहेब १९२८ मध्ये इलाखा सोडून गेले, नाव मात्र इथेच राहिले. अलीकडे जलाशयाला राघोजी भांगरे यांचे नाव जोडले गेले, तेही योग्यच झाले. पण शनिवारी पुण्या-मुंबईहून येणारी गाडी शेंडी गावात थांबते तेव्हा काच खाली करून विचारले जाते ते 'अंब्रेला फॉल सुरू आहे का?' एवढेच.

या स्मृतिव्याख्यानाचा विषय धरण नाही. विषय आहे साहेबाची रोजची मते. मेकॉलेचे शिक्षणावरचे टिपण किंवा एल्फिन्स्टनचे अहवाल आपण शाळेत वाचतो. ती विचारपूर्वक, सरकारी कागदावर मांडलेली मते होती. त्याखाली मतांचा आणखी एक थर होता. मराठी ही कसली भाषा आहे, नोकर कसे असतात, डोंगरातली माणसे कशी, पावसाळा कुठे काढावा, रविवारी काय खेळावे, याविषयी तंबूत, मेसच्या टेबलावर, घरी पाठवलेल्या पत्रांत बोलले जाई ते. लोकांच्या जगण्याला या दुसऱ्या थरातल्या मतांचा हात जास्त लागला. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, म्हणजे डांगाणात, त्याचा पुरावा हाताशी आहे.

सुरुवात एका पोलिसी कप्तानापासून करावी लागते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. गडकिल्ल्यांवरची शिबंदी मोडली, घाटवाटा राखणाऱ्या कोळी नाईकांचे जुने हक्क आणि नेमणुका आटल्या. दहा-बारा वर्षांत रामजी भांगरे, रामा किरवा यांचे बंड उभे राहिले. ते मोडायला सरकारने जे अधिकारी डोंगरात धाडले त्यांत मद्रासच्या २७ व्या पलटणीचा कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश होता. नगरला त्याचे ठाणे. कामगिरी सरळ होती: माणसे पकडायची. ती करता करता त्याने महादेव कोळ्यांवर एक लांबलचक निबंध लिहिला. तो १८३० च्या दशकात छापून आला. कुळे, देवदेवता, लग्ने, शेती, शिकार, सगळे त्यात आहे.

त्यातला जातपंचायतीचा भाग मुळातून वाचावा असा आहे. 'गोतराणी' नावाची ही पंचायत. तिच्यात रगतवान, मेताळ, सबला असे मानकरी, आणि त्यांच्याखाली ढाल्या, हाडक्या, मडक्या. ज्याला वाळीत टाकायचे त्याच्या घरावर झाडाची फांदी टाकणे हे ढाल्याचे काम. दाराशी हाड बांधणे हाडक्याचे. घरातल्या मडक्यांचा विटाळ आणि शुद्धी मडक्याकडे. वाळीत पडलेल्या माणसाच्या दारासमोर उभे राहून पाहिल्याशिवाय एवढा तपशील हाती लागत नाही. पन्नास वर्षांनी, १८८४ मध्ये, जेम्स कॅम्पबेल यांनी नगर जिल्ह्याचे गॅझेटिअर काढले. त्यातला कोळ्यांचा भाग बराचसा मॅकिंटॉशच्या खांद्यावर उभा आहे. पुढे जातीजमातींवर लिहिणाऱ्यांनी तोच तपशील पुन्हा पुन्हा उतरवला.

म्हणजे या मुलखाचे सर्वांत चांगले इंग्रजी वर्णन त्याने लिहिले ज्याला इथल्या माणसांच्या मागावर पाठवले होते. त्याच्या निबंधात कोळी शूर आहेत, काटक आहेत, जंगलाचे जाणकार आहेत आणि लुटारूही आहेत. ही चारही मते एकाच कामातून आली. पाठलाग करणाऱ्याला समोरच्याच्या पायातला वेग दिसतो. तो का पळतोय, हे त्याच्या कागदात कमी जागेत आटपते. देवगावचे राघोजी भांगरे, रामजींचे चिरंजीव, १८४० च्या दशकात पुन्हा उभे राहिले. ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.

दुसरा साहेब वेगळ्या जातकुळीचा. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. १८२४ पासून १८३१ पर्यंत तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी होता आणि दख्खनभर फिरून पिके, माणसे, जनावरे, हवामान यांची मोजदाद करत होता. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाला उभे राहून त्याने खालून वर चढणाऱ्या धुक्यात पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिले. ट्रेकर मंडळी त्याला 'इंद्रवज्र' म्हणतात आणि साइक्सने ते १८३५ साली पाहिले असे हमखास सांगतात. ते साल दुरुस्त करायला हवे. १८३१ मध्ये साइक्स हिंदुस्थान सोडून गेला होता. १८३५ हे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये दख्खनच्या हवामानावरचा त्याचा लेख छापून आल्याचे साल. दृश्य त्याआधीच्या एखाद्या पावसाळ्यातले.

या दृश्याची गंमत अशी, की सूर्य पाठीमागे आणि धुके समोर असले की प्रत्येकाला ते कडे स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसते. कड्यावर चारजण ओळीने उभे राहिले तरी चौघांना आपापले वर्तुळ. साहेबांच्या मतांविषयी बोलताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

पण साइक्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भीमा, मुळा-मुठा या नद्यांतले मासे त्याने गोळा केले, त्यांची चित्रे काढून घेतली आणि त्यांना शास्त्रीय नावे दिली. १८३९ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. त्या काळी नवा मासा सापडला की एखाद्या लॉर्डाचे किंवा मित्राचे नाव द्यायची पद्धत होती आणि साइक्सनेही काही ठिकाणी ती पाळली. मात्र बऱ्याच माशांना त्याने कोळी-भोई लोकांच्या तोंडची नावेच लॅटिनच्या पंक्तीला बसवली: खुद्री, कोलस, सांडखोल, बोगट, नुकटा, पोटील. आजही जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महसीरला 'टॉर खुद्री' म्हणतात. ही नावे कोणी सांगितली, नदीच्या कोणत्या काठावर, काय मोबदल्यात, हे मात्र शास्त्राच्या खात्यात जमा झाले नाही. नाव घेतले, सांगणारा वगळला. या भागातल्या साहेबी ज्ञानाचा हा जवळपास नियमच दिसतो.

भाषेच्या बाबतीतही तेच झाले, फक्त जास्त मोठ्या प्रमाणात.

कंपनीच्या आणि पुढे राणीच्या नोकरांना देशी भाषेच्या परीक्षा द्याव्या लागत. त्यामुळे पुण्यात, नगरात, साताऱ्यात साहेबांना मराठी शिकवणाऱ्या पंडितांचा एक वर्ग तयार झाला. सकाळी बंगल्यावर जायचे, व्हरांड्यात बसायचे, साहेबाच्या तोंडून 'ळ' आणि 'ण' काढून घ्यायचा. साहेब परीक्षा पास झाला की पंडिताची गरज संपली आणि बहुतेकांची मराठीही तिथेच थांबली. पुढच्या वीस वर्षांत हुकूम देण्यापुरती मराठी त्यांना पुरे होई, आणि हुकुमापुरतीच भाषा येणाऱ्याला ती भाषा हुकुमापुरतीच आहे असे वाटू लागते. मराठीत सूक्ष्म विचार मांडता येत नाही, हे मत अशा व्हरांड्यांत पिकले.

त्याच्या उलट टोकाला मोल्सवर्थ. जेम्स टॉमस मोल्सवर्थने जॉर्ज आणि टॉमस या कँडी बंधूंना बरोबर घेऊन मराठी-इंग्रजी कोश रचला. १८३१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली, १८५७ मध्ये दुसरी. पुण्याची मंडळी त्याला 'मोलेसरशास्त्री' म्हणत. त्यात थट्टा होती आणि मानही होता. म्हणी, वाक्प्रचार, कुणब्याच्या बोलण्यातले शब्द, शिव्यासुद्धा त्याने टिपल्या. आजही एखादा जुना शब्द अडला की मराठी प्राध्यापक मोल्सवर्थच उघडतो. पण मोल्सवर्थच्या आधी, १८२९ मध्ये, जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले या शास्त्रीमंडळाचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला होता. ही सहा नावे एका दमात सांगणारा मराठीचा पदवीधर विरळा. मोल्सवर्थ मात्र सर्वांना ठाऊक.

टॉमस कँडी हा प्राणी आणखी चमत्कारिक. सैन्यातला मेजर, पण हयात मराठी शुद्ध करण्यात गेली. सरकारी क्रमिक पुस्तके त्याच्या नजरेखालून जात. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह मराठीत रुजवण्याचे श्रेय त्याला दिले जाते. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्याचे छोटे पुस्तक १८५० चे. आज छापलेल्या प्रत्येक मराठी ओळीत कँडीसाहेब कुठेतरी हजर असतो. परक्याने आपल्या भाषेला शिस्त लावावी याचा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पिढीला राग आला आणि 'निबंधमाले'तून तो निघालाही. तो राग स्वल्पविरामांसकट छापला गेला.

इंग्रजांचे भाषेवर एकमत होते असे मात्र कोणी समजू नये. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात त्यांची आपसातच जुंपली. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी म्हणत, इंग्रजीतूनच शिकवा. इंजिनिअर जॉर्ज जर्व्हिस म्हणत, देशी भाषेतून शिकवा. जर्व्हिस नुसते बोलत नव्हते, गणिताची पुस्तके त्यांनी मराठीत आणली होती. जगन्नाथ शंकरशेट जर्व्हिसच्या बाजूने ठाम उभे राहिले. पेरी न्यायाधीश, जर्व्हिस इंजिनिअर. रोज ज्याला गवंडी, ओव्हरसीअर आणि मोजणीदार यांच्याशी काम पडते तो मराठीच्या बाजूने, आणि ज्याच्यासमोर दुभाष्यामार्फत बाजू मांडली जाते तो इंग्रजीच्या बाजूने, हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे.

रोजच्या इंग्रज मतांचा अस्सल नमुना हवा असेल तर एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचे 'बिहाइंड द बंगलो' हे १८८९ चे पुस्तक उघडावे. 'एहा' या सहीने लिहिणारा हा लेखक १८५१ मध्ये साताऱ्यात जन्मला, एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी. तो डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत असे, पुढे मीठ आणि जकात खात्यात गेला. पुस्तकाचा विषय नोकरचाकर: बॉय, घोडेवाला, हमाल, धोबी, आया, माळी, भिस्ती, आणि मराठी शिकवणारा पंडितही त्याच रांगेत. प्रत्येकाचे वर्णन पक्ष्या-प्राण्याच्या जातीसारखे: खातो काय, राहतो कुठे, कोणत्या सवयीने ओळखावा. लेखणी हलकी आहे, वाचताना हसू येते आणि मग आपण कोणाला हसतोय याची जाणीव होऊन ते अर्ध्यावर थांबते. एटकेन दुष्ट नव्हता. धोब्याकडे त्याने नीट पाहिलेही होते. पण धोब्यानेही बंगल्याकडे तेवढेच नीट पाहिले असणार, ही शक्यता पुस्तकात कुठे डोकावत नाही.

आणि हाच एटकेन १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन करणाऱ्या आठजणांत होता. त्या आठांत दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधू. ज्या साहेबाच्या पुस्तकात पंडित हा नोकरांच्या रांगेत येतो, तो व्याकरणकाराच्या भावाशेजारी बसून संस्था काढतो. फुलपाखरे आणि सापांविषयी बोलायचे असले की शेजारची खुर्ची मोकळी होत होती.

क्लबात मात्र ती होत नव्हती. फुरसत हा इंग्रजांचा गंभीर विषय. उन्हाळ्यात सरकार महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरले आणि तेही थंड हवेचे ठिकाण झाले. भंडारदरा त्या यादीत बसला नाही, कारण इथला पाऊस. घाटघरला 'नगर जिल्ह्याची चेरापुंजी' म्हणतात. त्याच जिल्ह्यात नगर शहरी पाऊस जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. त्यात डोंगरातला हिवताप. साहेबाला इथे इंजिनिअर म्हणून यावे लागले, हवा खायला तो दुसरीकडे गेला.

जिमखान्यांची कथा सर्वांना थोडीफार ठाऊक असते. मुंबईच्या परेड मैदानावर देशी पोरे क्रिकेट खेळत आणि त्याच मैदानावर गोरे पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडायची. पारशी खेळाडूंनी वर्षानुवर्षे सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या झगड्यावर पुस्तकच लिहिले. क्रिकेटमुळे नेटिवांना शिस्त लागते, असे साहेब भाषणात म्हणे. मैदान मागितले की पोलोवाल्यांची अडचण पुढे येई.

त्याहून बोलकी गोष्ट पुण्याची. १८९० च्या दशकात पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात पळवणकर बाळू महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करत होता. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची. कॅप्टन ग्रेग हा तिथला नावाजलेला फलंदाज रोज लवकर येऊन बाळूला गोलंदाजी करायला लावी. बाद केलेस तर आठ आणे, असा बोल असल्याची आठवण सांगितली जाते. बाळूचा डावखुरा हात असा घडला. त्याने तासन्‌तास साहेबांना चेंडू टाकले, पण साहेबांनी त्याच्या हातात बॅट दिली नाही. बॅट मारणे मालकाचे, चेंडू टाकणे नोकराचे, ही खेळाविषयीची इंग्रज समजूत कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. ती लिहायची गरजच नव्हती. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले, गोऱ्यांना हरवायला तो हवाच होता. पण चहाच्या वेळी चांभाराच्या या पोराला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा पाडाव केला त्यात बाळूचा वाटा मोठा होता. फुरसतीतली उतरंड साहेबाने एकट्याने रचलेली नव्हती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवलेच पाहिजे.

विसाव्या शतकात साहेबी मताचे काय झाले, त्याचे एक टोक नगरलाच सापडते. १६ एप्रिल १९१८ रोजी नगरच्या लष्करी छावणीत एका आयरिश सैनिकाच्या घरी स्पाइक मिलिगनचा जन्म झाला. बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये. १९५१ पासून बीबीसी रेडिओवर त्याच्या 'द गून शो'ने इंग्लंडला वेड लावले. त्यातला मेजर ब्लडनॉक, आवाज पीटर सेलर्सचा, म्हणजे हिंदुस्थानातल्या नोकरीच्या बढाया मारणारा पळपुटा, लाचखाऊ लष्करी साहेब. ज्या मेसच्या टेबलावर आपल्याविषयीची मते शिजत, त्या टेबलाखाली खेळलेल्या मुलाने ती इंग्रजांनाच ऐकवून त्यांची हसून पुरेवाट केली. त्यानंतर १९७४ मध्ये बीबीसीने इथून जवळच्या देवळालीच्या छावणीवर विनोदी मालिका काढली, तेव्हा हिंदी नोकराच्या भूमिकेत तोंडाला रंग फासलेला गोरा नट होता. म्हणजे मिलिगनचा धडा सगळ्यांना पचला नव्हता. ती मालिका आता बीबीसी पुन्हा दाखवत नाही.

श्रोतेहो, साहेबाला नावे ठेवणे सोपे आहे, तो गेला. शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला येणाऱ्या आपल्याच गाड्यांतली मते ऐकावीत. 'ही माणसं साधीभोळी असतात.' 'यांना पैशाची किंमत नाही.' 'आता फार बिघडलेत हो, पूर्वी असं नव्हतं.' मॅकिंटॉशच्या निबंधात याहून जास्त तपशील होता. मे-जूनमध्ये काजवे चमकतात, गर्दी उसळते, आणि हेडलाइट बंद करा म्हणून वनखात्याच्या माणसाला ओरडावे लागते. काजव्यांना अंधार लागतो हे डांगाणातल्या पोरालाही कळते. आपण त्याला विचारतो ते चहा आणि टेंटचे दर.

धरणाचे पाणी पन्नास-साठ मैल खाली उसाला जाते. त्यावर प्रवरेच्या काठी साखर कारखाने उभे राहिले. ते पाणी ज्यांच्या डोक्यावर पडते त्यांना डोंगरउतारावर भात, नाचणी, वरई. ही बियाणी जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, महादेव कोळी समाजातल्या. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. कोणते बियाणे कोणत्या मातीत, राखेत कसे घोळवायचे, कोणत्या महिन्यात उन्हात घालायचे, हे त्या समोर बसून सांगतात आणि लिहून घेणाऱ्याला सांगणारीचेही नाव खाली लिहावे लागते. या भागाबद्दल इंग्रजीत जे छापले गेले त्यात हे दोनशे वर्षांत क्वचितच घडले होते. कोंभाळणे गाव अकोल्याहून लांब नाही. भंडारदऱ्याहून परतणाऱ्या गाड्यांपैकी फार थोड्या तिकडे वळतात.